दहा मुलींचं एकच अक्षर

चिगुसाबाईंच्या समोरच्या टेबलावर तोकुजी इवानागाने सहा वर्षं काढली; पण त्यांना भावंडं किती, लग्न का केलं नाही, यातलं काही त्याला सांगता यायचं नाही. खाली मान घालून काम करणाऱ्या दोन माणसांना एकमेकांचे भांग तेवढे नीट माहीत असतात.

टोकियोच्या पश्चिमेला, रेल्वे फाटकाजवळच्या दोन खोल्यांत बाई मुलींच्या मासिकासाठी चित्रकथा काढत. तोकुजीचा जन्म इमारतींचे नकाशे काढण्यात गेला होता. निवृत्त झाल्यावर तो बाईंच्या चित्रांतल्या खिडक्या, जिने, शाळेची कुंपणं काढू लागला. माणसं बाईंची, भिंती त्याच्या.

कथा कोहारू नावाच्या मुलीची. जादूने रूप पालटून ती गावावरचं संकट निवारायची. मात्र त्या जादूची किंमत म्हणून दर वेळी तिचा आवडता मिनातो तिची एक भेट विसरून जायचा. शेवट बाईंच्या मनात पक्का होता: आठवण एकही उरणार नाही, आणि तरीही मिनातो तिच्या प्रेमात नव्याने पडेल.

"पण त्याला सावकाश विसरू द्यायला हवं, काका," बाई म्हणत. "घाई केली तर खोटं वाटेल."

त्यासाठी अजून वर्षभर तरी हवं होतं. पण मासिकात दर महिन्याला एक पोस्टकार्ड येई. आवडत्या तीन कथांची नावं लिहून मुली ते पाठवत, आणि जिला कार्डं कमी ती कथा बंद. त्या वसंतात कोहारू शेवटून दुसरी आली. त्या दिवशी बाईंचा जेवणाचा डबा तसाच राहिला.

तोकुजीला राहवेना. चार दुकानं फिरून त्याने दहा अंक आणले आणि दहाही कार्डं स्वतः भरली. नावं रचली, वयं नऊ ते तेरा घातली. एका कार्डावर तर फूलही काढलं. मग वेगवेगळ्या टपालपेट्या गाठून ती टाकली.

दोन आठवड्यांनी संपादक हिगाकी आला. चहा अर्धा झाल्यावर त्याने कार्डं टेबलावर ओळीने मांडली.

"बाई, या दहाही मुली एकाच शाळेतल्या दिसतात. नकाशे काढायच्या."

सगळी अक्षरं एकाच उंचीची, चौकोनात बसवल्यासारखी. तोकुजीचे कान तापले.

"आणि हे फूल बघा, कंपासने काढलंय. नऊ वर्षांच्या मुलीने!"

"काका, तुम्ही?"

तोकुजी कपाळ चटईला टेकेपर्यंत वाकला. "बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं, साहेब."

"उठा हो, आजोबा. वर कुणाला दाखवली नाहीत मी. मोजली मात्र नाहीत. आणि मोजली असती तरी..." हिगाकीने कप फिरवला. "अजून दोन अंक मिळतील, बाई. मी तीन मागितले होते."

"दोन अंकांत कसा विसरेल तो?" बाईंनी विचारलं. हिगाकीने कार्डं गोळा केली. त्यालाही घरी जायचं होतं.

मिनातो शेवटी चार पानांत सगळं विसरला. नव्याने प्रेमात पडायला जागा उरली नाही. बसथांब्यावर तो कोहारूला म्हणतो, "ही जागा रिकामी आहे का?" आणि कथा संपते. मिनातोचा तो चेहरा बाई खोडून खोडून काढत होत्या. कागद भुसभुशीत झाला. तोकुजी समोर बसून थांब्यामागचा कठडा काढत राहिला, एकेक गज पट्टीने. दुसरं काही त्याच्या हातात नव्हतं.

पुढच्या महिन्यात बाईंनी खोल्या रिकाम्या करायला घेतल्या. जुन्या अंकांचे गठ्ठे दोघांनी सुतळीने बांधले. तोकुजी बूट घालत असताना बाईंनी विचारलं,

"रद्दीची गाडी कधी येते, काका?"

"गुरुवारी. आठच्या आत खाली ठेवा."

"आणि पाऊस आला तर?"

"वर प्लास्टिक टाका."

"बरं."