सुनेचा तवा

यमुनानगरच्या त्या सोसायटीत शरच्चंद्र कुठे राहतात असं विचारलंत तर कुणाला सांगता येणार नाही. ‘पक्षीवाले काका’ म्हणा, वॉचमन थेट दारापर्यंत आणून सोडेल. खरं तर आता त्या घरात पक्ष्याचं पीससुद्धा नाही. पण नाव एकदा चिकटलं की सुटत नाही, आणि माणूस भिडस्त असला की ते सोडवायच्या भानगडीत पडत नाही.

भीड हा या गृहस्थांचा जन्माचा रोग. चाकणच्या एका कंपनीत टूलरूममध्ये नोकरी काढली. हाताखालच्या पोरांनी काम बिघडवलं तर ओरडायचं सोडून हे ओव्हरटाइमला थांबून स्वतः नीट करत बसायचे. त्यांची बायको शैला म्हणायची, “देवाने तुम्हाला जीभ दिलीय ती फक्त चहाने भाजून घ्यायला.” त्यावरही ते नुसते हसायचे.

पक्षी आले ते मुलाच्या, निरंजनच्या, हट्टापायी. पिंपरी कॅम्पातून एक हिरवी-पिवळी जोडी आणली, ज्यांना इकडे सगळे लव्हबर्ड म्हणतात. निरंजनचा हट्ट आठवड्यात ओसरला, पण शरच्चंद्रांना जे वेड लागलं ते लागलंच. स्वयंपाकघराला लागून असलेल्या बाल्कनीत त्यांनी घरट्यांसाठी मडकी टांगली. पुढे मोठ्या, तुरेवाल्या कॉकटील पक्ष्यांसाठी लाकडी पेट्या केल्या, टूलरूमच्या हाताने, कुठे खिळ्याचं टोक वर नाही. रोज राळे, कोथिंबिरीची जुडी, चोचीला घासायला समुद्रफेस. अंड्यामागे मोबाइलचा टॉर्च धरला की आत लाल धागे दिसायचे, तेव्हा हा माणूस श्वास रोखून उभा राहायचा. आणि पिल्लं निघाली की बोलायला लागायचा. माणसांशी जन्मात बोलले नसतील इतकं ते त्या उघड्यानागड्या पिल्लांशी बोलायचे.

एकदा पक्षी पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर त्यांनी वाचलं की नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्यातून एक वाफ निघते. माणसाला तिचा पत्ताही लागत नाही, पण घरातले पक्षी काही मिनिटांत पटापट पडतात. त्यांनी त्याच दिवशी शैलाला सांगितलं. तिने घरातला एकुलता एक नॉनस्टिक पॅन कामाला येणाऱ्या सरूबाईंना देऊन टाकला. विषय संपला.

मग शैला गेली. दोन वर्षं बापलेक पोळीभाजीच्या डब्यावर जगले. आणि निरंजनचं लग्न होऊन सई घरात आली.

सई आयटीतली, अर्धा आठवडा घरूनच काम करायची. बोलकी, हसरी. पक्षी तर तिला इतके आवडले की येताजाता पिल्लांचे व्हिडिओ काढायची. तिच्या आईने हौसेने भांडी दिली होती, त्यात लालचुटुक नॉनस्टिक तवा होता. पहिल्याच सकाळी शरच्चंद्रांनी तो ओट्यावर पाहिला आणि हातातला चहाचा कप तसाच खाली ठेवला.

एवढंच म्हणायचं होतं, की बाळा, हा तवा या घरात नको. पण सून कालपरवा आलेली. घरात सासू नाही. आणि सासऱ्याने पहिल्या दिवशी तोंड उघडावं ते माहेरच्या भांड्यांना नाव ठेवायला? सासू नाही तर सासराच सासू झाला, असं म्हणतील लोक. त्यांनी आरशासमोर वाक्य जुळवून पाहिलं. आज सांगू, उद्या सांगू, निरंजनकरवी सांगू. शेवटी काय केलं, तर बाल्कनीचं दार लावून घ्यायची सवय लावून घेतली आणि स्वतःची समजूत घातली. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते काही खोटं नाही.

काही आठवड्यांनी एका सकाळी निरंजन कामावर होता आणि ते मंडईत गेले होते. परत आले तर घर शांत होतं. पक्ष्यांच्या घरात शांतता कधी नसते, त्यामुळे पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्यांना कळलं. बाल्कनीचं दार उघडंच राहिलं होतं. सगळे पिंजऱ्यांच्या तळाशी पडले होते. एक मादी पेटीच्या भोकात अर्धी अडकली होती, पिल्लांकडे निघालेली. गॅस बंद होता, पण वरच्या तव्याचा लाल रंग काळा पडला होता आणि तो अजून गरम होता.

सई खोलीत ऑफिसच्या कॉलवर होती. बाहेर आली, तिने पाहिलं आणि किंचाळली. “बाबा, हे काय झालं?”

“साथ असेल,” शरच्चंद्र म्हणाले. “कॅम्पातही बरेच गेले म्हणत होते.” उभ्या आयुष्यात इतकं सफाईदार खोटं ते पहिल्यांदाच बोलले.

दुपारी पोतं घेऊन ते तळवड्याच्या पुढे इंद्रायणीकाठी गेले. पक्षी पुरले. आणि त्याच खड्ड्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेला तवाही पुरला. सईला हे कळता कामा नये, एवढं एकच आता हातात उरलं होतं. कळलं तर पोर जन्मभर मनाला लावून घेईल. आणि मग ती दुसरा प्रश्न विचारेल, तुम्हाला माहीत होतं का? त्या प्रश्नाची त्यांना जास्त धास्ती होती.

रिकामे पिंजरे त्यांनी हलवले नाहीत. संध्याकाळी त्यांच्यावर चादर घालायची आणि पहाटे काढायची, ही सवयही सुटेना. आणि मग एका पहाटे किलबिल ऐकू आली. बारीक, दबलेली, जशी चादरीखालून यायची तशीच. चादर ओढेपर्यंत थांबली. म्हातारपणी कान वाजतात म्हणून त्यांनी सोडून दिलं. दोन दिवसांनी पुन्हा. पुढे किलबिलीत एका म्हाताऱ्याचा आवाज मिसळायला लागला. शब्द कळत नसत, पण कुणीतरी कुणाची तरी समजूत काढतंय असं वाटायचं. तो आवाज कुठेतरी ऐकलेला होता आणि ओळखता येत नव्हता. शरच्चंद्रांना वाटलं, आपले वारलेले वडील. जोडी आणली तेव्हा ते गावाहून आले होते आणि म्हणाले होते, उडत्या जिवाला कोंडून ठेवलंस, ते तुला बाधणार. आता त्यांच्या अंगावर काटा यायला लागला. निरंजनला सांगावं, तर त्याची नाइट शिफ्ट, बिचारा सकाळी येऊन आडवा व्हायचा. आणि सांगणार काय?

एक दिवस सरूबाई लवकर आल्या आणि चपला काढता काढता म्हणाल्या, “काका, पाखरं पुन्हा आनली व्हय?”

“नाही हो.”

“मंग जिन्यात मला किलबिल ऐकू आली ती कशाची?” त्या थबकल्या आणि बाल्कनीकडे पाहत आवाज खाली आणून म्हणाल्या, “मुक्या जिवाचा तळतळाट वंगाळ असतो, काका. दहीभात ठेवा त्यांच्या नावानं.”

कान वाजतात ते एकाचे, दोघांचे नाही. आयुष्यभर मोजमापावर भरवसा ठेवलेल्या या माणसाने दुसऱ्या दिवशी कठड्यावर दहीभात ठेवला. दिवसभर वाट पाहिली. कावळा आला, मान वाकडी करून बघून गेला. शिवला नाही.

पुढच्या पहाटे ते चादरीचं टोक हातात धरून पिंजऱ्यांसमोर वाट पाहत उभे राहिले. किलबिल सुरू झाली. पाठोपाठ म्हाताऱ्याचा आवाज. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या लक्षात आलं की हे पिंजऱ्यांतून येत नाहीये, पाठीमागून येतंय. ते स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आले, हॉलमधून सईच्या खोलीपाशी. दार किलकिलं होतं. सुनेच्या दाराशी असं उभं राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, पण पाय हलेनात.

सई पलंगाच्या कडेला बसली होती. हातात मोबाइल, डोळ्यांतून धारा. पडद्यावर एका तळहातावर पिसं न फुटलेलं पिल्लू होतं आणि म्हातारा त्याला म्हणत होता, “हळू रे राजा, हळू. कुणी घेत नाही तुझं.”

“हे कोण बोलतंय?” शरच्चंद्रांनी विचारलं.

सई दचकली. मग तिने वर पाहिलं. “तुम्हीच की, बाबा.”

आपला आवाज आपल्याला बाहेरून कधी ऐकू येतो? ते दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले.

“मीच मारले त्यांना,” सई म्हणाली. “तवा तापत ठेवला आणि कॉल आला. धूर झाला तेव्हा पळत येऊन गॅस बंद केला. तेवढ्यात एक खाली पडला. मग दुसरा. मी घाबरून खोलीत येऊन बसले. त्याच दिवशी मोबाइलवर शोधून वाचलं सगळं.”

“अगं, साथ होती...”

“बाबा, माझ्या आईने दिलेला तवा घरातून नाहीसा झाला आणि मी एकदाही विचारलं नाही, कुठे गेला म्हणून. तुम्हाला काय वाटलं?”

सईने डोळे पुसले. “तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात हे कळत होतं मला. त्यानेच जास्त जीव तुटायचा. पण बाबा, आपल्याला माहीत नव्हतं ना? दोघांनाही? माहीत असतं तर तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत मला.”

ती त्यांच्याकडे आशेने बघत होती. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. दोघांनी मिळून अर्धं अर्धं वाहिलं असतं, आणि सासऱ्याचं नावही राहिलं असतं. शरच्चंद्रांना ते दिसत होतं.

“मला माहीत होतं,” ते म्हणाले. “तू यायच्या आधीपासून. शैलाला सांगितलं होतं. तुला सांगायला भीड पडली. वाटलं, नवीन सून आहे, वाईट वाटेल तिला.”

सईने मोबाइल पलंगावर पालथा ठेवला. रागावली असती, ओरडली असती तर बरं झालं असतं.

“वाईट वाटेल,” ती सावकाश म्हणाली. “तीन महिने मी झोपले नाहीये, बाबा.”

तिने उठून दार लावून घेतलं, आवाज न करता.

त्यानंतर घरात पहाटे काही ऐकू आलं नाही. सई पूर्वीसारखी झाली. चहा देते, हसते, ‘बाबा, गोळी घेतलीत का’ विचारते, फक्त समोर बसत नाही. निरंजन परवा खूश होऊन म्हणाला, “मी येतो तेव्हा सई हल्ली गाढ झोपलेली असते. काय जादू केलीत?” शरच्चंद्र म्हणाले, “काही नाही, थोडं बोललो.” ते खरंच होतं. पोरीच्या छातीवरचा धोंडा उतरला, तो ज्याचा होता त्याच्याकडे आला. यात त्यांना समाधान होतं.

पण पहाटे ते उठतातच. चादर काढतात आणि उभे राहतात. आधी किलबिलीची भीती वाटायची, आता ती येत नाही म्हणून जीव कासावीस होतो. शेवटी रविवारी, सारी भीड गिळून, ते स्वयंपाकघराच्या दारात आले. सई लोखंडी तव्यावर घावन घालत होती.

“सई, तो पिल्लाचा व्हिडिओ... मला पाठवशील?”

तिचा हात थांबला. “पुसून टाकले, बाबा. सगळेच. आपण बोललो त्याच दिवशी.”

“बरं केलंस,” शरच्चंद्र म्हणाले आणि ताट घेऊन जेवायला बसले.