देव्हाऱ्यातली डिस्क

ती घटना आठवली की आजही लाखेचा वास येतो. मुद्देमालाच्या पुडक्यावर लाख वितळवून शिक्का मारण्यात माझी अर्धी नोकरी गेली. शिक्का अभंग तर माल खरा, एवढंच आम्हाला ठाऊक. चांगले दिवस होते ते.

खबर आली, अनसिंग रस्त्यावरच्या एका खासगी वजनकाट्यावर सोयाबीन कमी भरतं. आम्ही काट्याचा कॉम्प्युटर जप्त केला. मालक भाविक, मानाचा माणूस. त्यानं सरळ ऑपरेटर मुलीकडे बोट दाखवलं. कॉम्प्युटरला हात तिचाच, त्यामुळे मलाही ते पटलं. अटकेची तयारी झाली. तिचे वडील भाजी विकायचे. ते ठाण्याच्या बाकावर बसून होते, दिलेला चहा तसाच निवला. मला फार वाईट वाटलं.

चौकशीत मुलगी एवढंच म्हणत राहिली, "मी काहून करू असं, साहेब? मशीन बंद पडलं का मालक घरच्या देव्हाऱ्यातून डिस्क आणून देतेत. मी तीच चढवते."

आमच्या सायबरच्या शिपाई बाईंनी कान टवकारले आणि काटा बसवणाऱ्याला फोन लावला. "सर, काटा बसवतानाच त्यानं अख्ख्या सिस्टिमची हुबेहूब प्रत त्या डिस्कवर दिली होती. तिचा हॅश त्याच्याकडे आहे."

"ते काय असतं?"

"आकड्या-अक्षरांचा शिक्का, सर. आत एक अक्षर बदललं तरी शिक्का बदलतो."

म्हटलं, मग ही आपली लाखच की.

पंचांसमक्ष देव्हाऱ्यातली डिस्क तपासली. हॅश जुळला नाही. प्रतच बदललेली होती. मालकाला हे न सांगता मी सहज विचारलं, "डिस्कला त्या पोरीनं घरात येऊन हात लावला असेल का हो?"

तो दुखावला. "देव्हाऱ्यातली चीज हाय, साहेब. दर दसऱ्याले कुंकू लावतो. माह्याशिवाय घरातलं लेकरूही हात लावत नाही."

मी दोन्ही हॅश त्याच्यासमोर ठेवले. त्यानं पाणी मागितलं. काट्यात फेरफार केला तरी मूळ प्रत चढवली की तो पुन्हा खरं बोलायचा, म्हणून त्यानं वाशिमहून माणूस आणून प्रतच बदलून घेतली होती.

वरचं कुंकू पाहून आतला माल ठरवू नये, हे मी तिथं शिकलो. शिक्का तपासायचा, तो देवाजवळ ठेवलेला असला तरी.

मुलगी आता दुसऱ्या काट्यावर आहे. परवा तूर घेऊन गेलो, तर वजन करण्याआधी तिनं रिकामा काटा दाखवला. म्हटलं, "अगं, तुझ्यावर भरोसा आहे माझा."

"तवाबी व्हता ना, साहेब, मालकावर," ती हसून म्हणाली. "पाहून घ्या."

मी चष्मा लावला आणि शून्य पाहून घेतलं.