हात बघून वाढणारी मावशी

सुरतेत, नवागामच्या मावशीच्या खानावळीत आधी हात दाखवायचे, मग ताट. पलसाण्याच्या कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमधून आम्ही सुटून आलो की ती दारातच अडवायची. “हात दखाड. आज कोणता रंग शे?” नखं पिवळी दिसली की त्या गड्याला वरण नाही, ठेचा-भाकरी. लाल दिसली की शेवभाजी बाजूला आणि दहीभात पुढे. निळ्यावाल्यांवर तिची भारी मर्जी. “निळं कोणी रांधस का? हाई मंडळी समदं खातस.”

कुणाला हे लाड वाटतील. पण दिवसभर पिवळ्या पाण्यात हात घातलेल्या माणसाला विचारा! मी सुरतेत नवा होतो तेव्हा वरण पुढे आलं की मिलची टाकीच ताटात ओतल्यासारखी वाटायची. घास घशाखाली उतरत नसे. महिनाभरात निम्मा झालो आणि गावी परत जायला पिशवी भरली. मावशीनं ते वरणाचं ताट उचललं, ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी न् ठेचा पुढे ठेवला. म्हणाली, “पोट भर, मंग जाय.” पोट भरलं, जायचं राहून गेलं.

एका अखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला मात्र तीच चुकली. सणाला पुरणपोळी आणि आमरस हवाच, एवढंच तिच्या डोक्यात. मिलमध्ये आठवडाभर पिवळंच चालू आहे, हे बाई विसरली. पंगतीत पिवळ्या ताटांना कुणी हात लावेना. सणाचं ताट टाकून माणसं उठणार म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. मग तिनं दार लोटलं, खिडकीवर गोधडी टाकली न् दिवाच बंद केला. “आते दिसस का पिवळं? मंग जेवा रे पोऱ्याहोन!” अंधारात आधी हसू फुटलं, मग रस ओरपल्याचे आवाज. दुसरी पोळी सगळ्यांत आधी मीच मागितली.

पुढे मी मिल सोडून हजिऱ्याच्या कारखान्यात लागलो. मावशी लेकाकडे गावी गेली. तिची नजर गेल्याचं कानावर आलं, म्हणून यंदा भेटायला गेलो. आवाजावरून तिनं ओळखलं. माझे हात हातात घेऊन नखांवरून अंगठा फिरवला.

“कोणता रंग शे?”

मिल कधीच सुटली, हे सांगवेना. “पिवळा,” म्हणालो.

ती सुनेला ओरडली, “याले वरण वाढू नको वं!”

आत तुपाची धार घातलेल्या वरणाचा वास सुटला होता. आता मला वरण फार आवडतं. मी ठेचा-भाकरी खाल्ली, आणि वर आणखी एक भाकरी मागून घेतली.