अक्काला बघवलं नाही

माझ्यासाठी घरात काहीही नवं आलं, की ते आधी अक्का अंगावर घालून बघायची. फ्रॉक असो, चपला असोत, शाळेचा रेनकोट असो. ती माझ्याहून बरीच मोठी, हाडापेरानं दणकट. माझे फ्रॉक तिच्या काखेत उसवायचे. मी रडायला लागले की आरशासमोरून न हलता म्हणायची, "माजा जीव जळतोय गो, खोटा कशाला बोलू? थोडा वेळ घालू दे, मग तुजाच हाय."

हेवा सगळ्यांनाच वाटतो, पण तो असा तोंडावर सांगणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. बारावीला मला चांगले मार्क पडले तेव्हा तिनं पेढा खाल्ला, दुसरा मागून घेतला आणि म्हणाली, "गोड हाय. पण मना कडू लागतोय."

ती दहावीत असताना तिच्या बोटांवर कोडाचे पांढरे डाग उठले. मग ते मनगटापर्यंत आले, मग ओठांच्या कडेला. आमचे बाबा मिरकरवाड्याला एका बोटीवर तांडेल होते. समुद्रात सगळी बोट त्यांच्या हुकमात, घरात मात्र हुकूम आईचा. अक्का मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आंब्याच्या कारखान्यात लागली. तिथं कामाला हातमोजे घालावे लागत. "तितं सगळ्यांचे हात सारखे," असं ती घरी येऊन सांगायची. तिला बघायला माणसं यायची, पोहे खायची, तिच्या हातांकडे बघायची आणि पुन्हा निरोप धाडायची नाहीत. शेवटी आईनं ठरवलं, धाकटीचं तरी उरकून घ्यायचं.

अलोऱ्याहून संदीपकडची माणसं मला बघायला येणार होती, त्या दिवशी आई अक्काला म्हणाली, "तू जरा मावशीकडं जाऊन ये गो." अक्का गेलीच नाही. पाहुणे बसले, आणि चहाचा ट्रे घेऊन तीच बाहेर आली. ट्रे ठेवून तिनं दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले.

"मी हिची मोठी बहीण. माज्या हाताला कोड हाय. लागत नाय कोणाला. आत्ताच बघा, मागनं हिला बोल लावू नका."

आईचा चेहरा उतरला. माझ्या अंगाची लाही झाली. हिनं मुद्दाम माझं लग्न मोडलं, असंच मला वाटलं. संदीपच्या आईनं कप उचलला, घोट घेतला आणि विचारलं, "चहा कोणी केलाय?"

"मीच," अक्का म्हणाली.

"छान झालाय." आणि त्यांनी कप संपवला. लग्न ठरलं.

पाहुणे गेल्यावर मी तिच्यावर ओरडले, "मोडलं असतं तर?"

कपबश्या विसळता विसळता तिनं खरोखरच विचार केला. "तर मना थोडा बरा वाटला असता," ती म्हणाली. "पण उद्या तिकडं कोणी तुला बोलला असता, बहिणीचा कोड लपवलास, तर भांडायला मनाच अलोऱ्याला यावा लागला असता. यष्ट्या बदलत कोण येतो?"

लग्नाच्या सकाळी हॉलवर माझा शालू सापडेना. वधूच्या खोलीला आतून कडी होती. आई दार ठोठावत होती, भटजी मुहूर्ताची घाई करत होते. मी म्हटलं, "अक्का, मी आहे." कडी निघाली, मला आत ओढलं आणि कडी पुन्हा लागली.

माझा हिरवा शालू नेसून, डोक्यावर पदर घेऊन ती उभी होती. "सांग, कोणाला जास्त शोभतो?"

तिचे खांदे रुंद, मान लांब. त्या जड जरीला तसंच अंग हवं होतं. "तुला," मी म्हणाले. माझ्याच लग्नात, माझ्याच शालूत ती माझ्याहून देखणी दिसत होती.

"ठावूक हाय मना," ती म्हणाली. मग तिनं शालू सोडला आणि ओठांत पिना धरून तो मला नेसवायला घेतला. एकेक निरी बोटांनी दाबून बसवली. कापडात तिच्या अंगाची ऊब होती. शेवटची पिन लावून ती म्हणाली, "करवली म्हणून मी तुज्या मागं उभी नाय राहणार. मामाच्या मुलीला उभी कर. मना बघवायचा नाय."

"मग कुठे असशील?"

"समोर. लोकांत."

मंगलाष्टकं सुरू झाली. पुढच्या रांगेतून अक्षता अशा जोरानं येत होत्या की गालाला लागत होत्या. अंतरपाट दूर झाल्यावर संदीप हळूच म्हणाला, "समोरून कोणीतरी नेम धरून मारतंय." मी म्हटलं, "माझी बहीण."

पाठवणीच्या वेळी मी तिला मिठी मारली. सगळ्या बायका डोळे पुसत होत्या, ती सोडून. "जा आता," माझ्या पाठीवर थोपटत ती म्हणाली. "आता कपाट माजा, खिडकीजवळची जागा माजी. आय पण माजी." मला हसू आलं. गाडीत बसले तेव्हाही मी हसतच होते.

गाडी हलली आणि मी मागच्या काचेतून पाहिलं. आई अक्काच्या खांद्यावर डोकं टाकून रडत होती. अक्कानं तिला एका हातानं घट्ट धरलं होतं आणि दुसऱ्या, पांढऱ्या डागांच्या हातानं ती तिचे केस सारखे करत होती. तसे केस आईनं माझ्याकडून कधी सारखे करून घेतले नव्हते. मी हात हलवला. अक्कानं पाहिला, तिनंही हलवला.

संदीपनं पाण्याची बाटली पुढे केली. माहेर सुटलं म्हणून मी रडते आहे, असं त्याला वाटलं. मी रडत होते ते गाडी वळेपर्यंत आईनं एकदाही मान वर केली नाही म्हणून.