टेकाडावरचं घर

आमच्या पुरातत्त्व कार्यालयात शब्द ठरलेले होते: टेकाड, नदीकाठ, उतार, पायथा, सपाटी. जुन्या वस्तीची जागा सापडली की ती कशावर आहे ते याच शब्दांत लिहायचं. आधी जो तो मनाला येईल ते लिहायचा. कोणी ‘म्हसोबाच्या मागे’, कोणी ‘पाटलांच्या विहिरीजवळ’. विहीर बुजली की जागाही हरवली. म्हणून नव्वदच्या दशकात मी नाशिकच्या द्वारका चौकातून एसटी पकडून, जागा नव्याने नोंदवत आसपासची गावं तुडवत होते. पाय भरून यायचे, आणि घरी गेल्यावर स्वयंपाक चुकायचा नाहीच.

फिरत फिरत पाळी माझ्या सासरच्या गावावर आली. गावाचा वरचा भाग पांढरीवर होता, म्हणजे जुनी घरं पडून त्यांवर नवी बांधत पिढ्यान् पिढ्या वर चढलेल्या मातीवर. आमचं घर अगदी माथ्यावर. पावसाळ्यात अंगणातून खापरं वर यायची. ते टेकाड आहे हे शेंबडं पोरही सांगेल.

पण त्याच वर्षी सासूबाईंना लकवा झाला होता. जन्मभर पंचवटीच्या बाजारात झेंडू विकायला बसलेली बाई आता ओट्यावर बसून राहायची. दारापुढचा बोळ इतका उभा की खुर्चीत बसवून उतरवताना त्या एकदा पडता पडता वाचल्या. पुन्हा खुर्चीचं नाव काढू दिलं नाही. म्हणून दिराने टेकाडाची कड कापून दारापर्यंत रिक्षा येईल असा रस्ता काढायचं ठरवलं होतं. टेकाड म्हणून नोंद झाली की खोदायला आमच्या कार्यालयाची परवानगी लागेल, हे त्याला मीच सांगितलं.

“वहिनी, मंग उतार लिवा ना. उतार बी हायेच की.”

संध्याकाळी मी सासूबाईंची वेणी घालत असताना त्या म्हणाल्या, “मला एकदा बाजारात बसायचं हाय. तेवढं बघ बाई.”

मी टेकाड लिहिलं. आजही तेच लिहीन. परवानगीचा अर्जही मीच केला आणि त्याच्यामागे मीच फिरले. आज साहेब रजेवर, उद्या साहेबांची बदली. माझ्याच कार्यालयात मी हात जोडून उभी राहायची आणि मला स्वतःची लाज वाटायची. दिराने बोलणं टाकलं. सासूबाई मात्र रुसल्या नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

परवानगी यायच्या आधीच त्या गेल्या. बाजारातल्या बायका झेंडूच्या पाट्या घेऊन धापा टाकत वर आल्या. एकीने ओट्यावर टेकत मला विचारलं, “लय चढ हाय गं. हिला खाली कसं न्यायचे तुम्ही?”

दीर शेजारीच उभा होता. कितीतरी दिवसांनी त्याने माझ्याकडे बघितलं आणि माझ्याऐवजी त्यानेच सांगितलं,

“नाय नेलं. आज नेतोय.”