मधूच्या अंगातली वीज

ही गोष्ट मागच्या आठवड्यापर्यंत मी कोणालाच सांगितली नव्हती. आईला नाही, नवऱ्याला नाही, देवापुढंही नाही. आता ठरवून बसले आहे – मध्ये अडखळले तरी उठणार नाही.

तुम्ही इलेक्ट्रिक गिटारची गुरगुर ऐकली आहे का? वाजवणारा थांबला तरी स्पीकरमधून येत राहते ती? माझ्या धाकट्या बहिणीच्या, मधूच्या गिटारला ती होती. आम्ही तेव्हा जबलपूरला, गढा भागात राहायचो. रेल्वे कॉलनीतलं एक कुटुंब गाव सोडून चाललं होतं, त्यांच्याकडून बाबांनी ती जुनी घेतली होती. लाल, अर्धी पोकळ, व्हायोलिनला असतात तशी दोन वळणदार भोकं असलेली. मधू कॉलेजच्या बँडमध्ये वाजवायची. मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकत होते, म्हणून गुरगुर घालवायचं काम माझ्याकडं आलं.

काम अवघड होतं आणि मी ते मन लावून केलं. हे मुद्दाम आधी सांगते. अशा गिटारला मागून झाकण नसतं. आतली बटणं, वायरी सगळं त्या भोकातूनच बाहेर काढायचं आणि दोरा बांधून, ओढून परत जागेवर न्यायचं. साध्या वायरी काढून मी वरून जाळी असलेल्या वायरी घातल्या. शेवटी एक वायर उरली – तारा जिथं अडकवतात त्या धातूच्या पट्टीपासून आतल्या अर्थिंगपर्यंत जाणारी. ती पक्की असली की वाजवणाऱ्याचा हात तारांना लागताच उरलीसुरली गुरगुरही बसते. सुटली तर उलट – हात लागला की वाढते.

बँडच्या स्पर्धेच्या आदल्या दुपारी मधूनं वाजवून पाहिली. गुरगुर पार गेली होती. बाबांनी शेजारच्यांना बोलावलं. पोरीच्या हातात जादू आहे, असं ते प्रत्येकाला सांगत होते. मी सोल्डरिंगची कांडी घेऊन दारात उभी. एकानंही वळून पाहिलं नाही. हे कारण म्हणून सांगत नाही – तेव्हा काय वाटलं, तेवढंच सांगते.

सगळे गेल्यावर एका बटणाचा नट सैल वाटला म्हणून गिटार मी पुन्हा घेतली. सहज ती अर्थिंगची वायर चिमट्यानं ओढून पाहिली. हलली. सोल्डरनं धरलंच नव्हतं, नुसतं मण्यासारखं वर बसलं होतं. कांडी अजून गरम होती. कितीसं काम होतं ते? मी वायर तशीच आत ढकलली, नट आवळला आणि हाक मारली, "मधू, झालं बघ."

सुटेलच असं कुठं होतं – असं मी स्वतःला वर्षानुवर्षं समजावलं. पण मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी रिक्षा प्रत्येक खड्ड्यात आदळत होती, तेव्हा माझं लक्ष रस्त्याकडं नव्हतं. मांडीवरच्या गिटारकडं होतं.

स्टेजवर पहिल्याच ओळीत गुरगुर सुरू झाली. मधूनं ती दाबायला तारांवर हात ठेवला – आणि आवाज वाढला. मागच्या रांगांत हसू फुटलं. तिनं मला शोधलं. मी पुढंच बसले होते. गाणं अर्धवट टाकून ती खाली आली.

इथंच थांबले, तर हा नुसता हेवा झाला. खरी गोष्ट पुढं आहे.

परतताना रिक्षात तिनं विचारलं, "ताई, माझा हात लागला की काहून वाढते?"

बघा – किती नेमकं विचारलं होतं तिनं. उत्तर तोंडाशी होतं. मी म्हणाले, "काहींच्या अंगातच तशी वीज असते, मधू. तुझ्या हातानं होऊन राहिलं ते."

"काल तर नव्हती."

"घाबरलं की वाढते."

तिनं आपले तळहात उलटेपालटे करून पाहिले. मी शिकलेली होते ना – विश्वास काहून नाही ठेवणार?

तिनं गिटार विकायची ठरवली. विकायच्या आधी मी ती वायर पक्की सोल्डर केली, कारण दुकानदाराला ती सुटलेली दिसली तर? सदर बाजारातल्या वाद्यांच्या दुकानात त्यानं वाजवून पाहिली. जराही गुरगुर नाही. मधू माझ्याकडं वळून म्हणाली, "बघ ताई, तू बरोबर बोलली होतीस."

मी मान डोलावली.

मधू पुढं नागपूरला गेली, शिक्षिका झाली, संसार केला. वाद्याला परत हात लावला नाही. शाळेच्या कार्यक्रमात ती माईक हातात घेत नाही. काहून, ते सगळ्यांना गंमत म्हणून सांगते. माझ्यादेखत तिनं कितीदा सांगितलं – आणि मीही हसले.

मागच्या आठवड्यात ती मुलीला, ऋचाला, घेऊन आमच्याकडं आली होती. ऋचानं नवी गिटार आणली होती. "मम्मी, पकडो ना जरा," ती म्हणाली. मधूनं दोन्ही हात मागं घेतले. "नको गं. माझ्या अंगात वीज आहे, मावशीला विचार." ऋचा माझ्याकडं बघायला लागली.

तिच्यासमोरच मी बोलले. "तुझ्या अंगात काही नाही, मधू. वायर कच्ची होती. मला माहीत होतं." मग बाकीचंही – कांडी, रिक्षा, सगळं.

मधूनं मागं घेतलेले हात पुढं आणून पाहिले. मग विचारलं, "दुकानात गुरगुर नव्हती, तेही तूच केलं?"

"हो."

"मी हे किती लोकांना सांगितलं, ताई. हसत हसत." तिचा आवाज चढला नव्हता. "आता तू सांग."

सकाळी त्या दोघी नागपूरच्या बसनं गेल्या. मी सोडायला येते म्हटलं, तर तिनं नको म्हटलं. त्यानंतर फोन नाही.

तिनं सांग म्हटलं, म्हणून सांगून राहिले. ज्यांनी ज्यांनी तिच्याकडून ती गंमत ऐकली असेल, त्यांनी ऐकावं – मधूच्या हातांत कधीच काही नव्हतं. मी खोटं बोलले.