शंभर टक्के तेल

भाऊ आमच्याकडे होते तोवर त्यांचा उजवा अंगठा मी कधी स्वच्छ पाहिला नाही. साबण झाला, राख झाली, डिझेलमध्ये भिजवलेली चिंधी झाली, पण नखाच्या कडेची काळी रेघ जागची हलली नाही. आमच्या कार्यालयात हजेरीचं यंत्र आलं तेव्हा त्याने सगळ्यांचे अंगठे मुकाट्याने ओळखले, भाऊंचा मात्र ओळखेना. यंत्रातली बाई दहा वेळा 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणाली. शेवटी त्यांची करंगळी नोंदवावी लागली. त्या दिवसापासून हा साठीला टेकलेला माणूस रोज सकाळी यंत्रापुढे करंगळी वर करून उभा राहायचा. शाळेत आपण करंगळी कशासाठी वर करतो हे सगळ्यांनाच ठाऊक, त्यामुळे आम्ही हसायचो. भाऊही हसायचे.

खेडोपाडी फिरून डोळे तपासणाऱ्या एका संस्थेची गाडी भाऊ चालवत. संस्थेचं मुख्य कार्यालय नागपूरला आणि आमचं छोटं केंद्र कुरखेड्याला. मी डोळे तपासणारी. वयाने केंद्रात सगळ्यात लहान आणि कागदोपत्री सगळ्यांची प्रमुख. भाऊ जवळच्याच एका खेड्यातले. आधी राईस मिलचा ट्रक, मग बांबूचा ट्रक, मग आमची गाडी, अशी त्यांची पस्तीस वर्षं स्टिअरिंगवर गेली होती. गाडीत काचेजवळ बुद्धाची बोटभर मूर्ती होती. आल्याआल्या तिला हात जोडायचे, मला 'जय भीम मॅडम' म्हणायचे आणि लगेच बॉनेट उघडायचे. चहा त्यानंतर.

बॉनेट उघडून ते तेल मोजायची लांब पट्टी बाहेर काढत. तिला सगळे ड्रायव्हर गेज म्हणतात. बाकीचे ड्रायव्हर गेजवर तेल किती आहे ते पाहतात. भाऊ कसं आहे तेही पाहत. एक थेंब अंगठ्यावर घ्यायचा, तर्जनीने चोळायचा, नाकाशी न्यायचा आणि निकाल द्यायचा. तेल चांगलं असलं की 'आज वरणासारखं हाय'. बिघडलं की 'कढी फाटली'. मला दोन्ही वेळेला ते सारखंच काळं दिसायचं.

दुसरा थेंब कागदावर. त्यासाठी ते माझे रद्द झालेले केसपेपर मागून नेत आणि त्यांच्या कोऱ्या बाजूला थेंब टाकून खिळ्याला अडकवून ठेवत. दुसऱ्या दिवशी डाग पसरलेला असायचा. मधे काळा, भोवती तपकिरी, कडेला विरत गेलेला असा डाग असला म्हणजे तेल अजून कामाचं. काळं सगळं मधेच गोळा होऊन बसलं आणि कड कापल्यासारखी दिसली की तेल बदलायचं. "तेल मळ वाहून नेते मॅडम," ते मला म्हणाले होते, "नेणं सोडलं का समजायचं, थकलं." या हिशेबाने पस्तीस वर्षांत त्यांची एकही गाडी रस्त्यात बंद पडली नव्हती. हे ते स्वतःहून कधी सांगत नसत, पण दुसऱ्या कुणी सांगितलं तर मान खाली घालून ऐकत राहत. त्यांची मिळकत म्हणावी तर तेवढीच होती.

मग नवी गाडी आली. तिच्या डॅशबोर्डवर स्क्रीन होती आणि तेलाचा कस किती टक्के उरला ते त्यात दिसायचं. गाडी घ्यायला आम्ही दोघं चंद्रपूरला गेलो होतो. तिथल्या माणसाने सगळं समजावून सांगितल्यावर भाऊंनी एकच विचारलं, याले तेल दिसते का? तो म्हणाला, नाही, इंजिन किती फिरलं, किती तापलं, किती वेळ चालू राहिलं यावरून गाडीतला कॉम्प्युटर अंदाज काढतो. भाऊंनी मान हलवली. परतताना वाटेत मूल गावापाशी त्यांनी गाडी चहाला थांबवली. मग म्हणाले, "मॅडम, तुमी पेशंटले न पाहता चष्म्याचा नंबर देता का? वय इचारलं, वाचते किती ते इचारलं, अन् देऊन टाकला?"

मी हसले. ते हसत नव्हते. पण स्क्रीनवर त्यांचा राग होता असंही नाही. अंदाज बराच बरोबर असतो, फक्त त्यावर एकदा नजर टाकायला पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. आमच्या रस्त्यांची मुरमाची धूळ त्या कॉम्प्युटरला कुठून कळणार? आमची गाडी गावात पोचली की दिवसभर जागेवर धडधडत उभी असायची, कारण आतली डोळे तपासायची यंत्रं तिच्याच इंजिनावर चालायची. गाडीचे किलोमीटर कमी आणि कष्ट जास्त.

नागपूरच्या साहेबांना मात्र स्क्रीन फार आवडली. त्यांनी नियम काढला: स्क्रीनवर दहाच्या खालचा आकडा दिसला की त्याचा फोटो पाठवायचा, मंजुरी मिळाली की चंद्रपूरला जाऊन तेल बदलायचं. बाहेर कुणी बॉनेटमध्ये हात घातला तर वॉरंटी जाईल आणि जबाबदारी हात घालणाऱ्याची. भाऊंच्या कागदावर डाग गोळा होऊन बसला तेव्हा स्क्रीनवर तीस होते. तिथून पुढे भाऊ रोज सकाळी मला क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसा आकडा सांगायचे. आज सव्वीस. आज बावीस. मोसम धानकापणीचा होता, रस्ते कोरडे होते, आणि आकडा काही केल्या लवकर उतरत नव्हता.

नऊ आला तो कोरचीच्या वाटेवरच्या एका शाळेच्या मैदानात. भाऊ एका म्हाताऱ्या आजोबांना हाताला धरून घरी सोडायला निघाले होते. जाता जाता म्हणाले, मॅडम नऊ आला, फोटो काढून घ्या. त्यांच्या आवाजात मी इतका आनंद क्वचित ऐकला असेल. मी ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. ऊन थेट स्क्रीनवर होतं. फोटो काढला तर पांढराफटक. म्हणून स्क्रीनचा उजेड वाढवावा या विचाराने मी शेजारचं बटण दाबलं. काही झालं नाही. दाबून धरलं. गाडीने काहीतरी विचारलं, मी पुन्हा दाबलं. आणि नवाचे शंभर झाले.

भाऊ परत आले, वाकून पाहिलं आणि विचारलं, हे काऊन असं झालं? मी म्हटलं, "आपोआप झालं भाऊ." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. हात अजून बटणापाशीच होता. "असं होते का," एवढं बोलून ते बॉनेटकडे गेले.

माझी नोकरी तेव्हा कच्ची होती, तीन-चार महिन्यांनी कायम व्हायची होती. हे कारण आहे, सबब नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आले. नागपूरला मी तोच शब्द लिहून पाठवला: स्क्रीन आपोआप शंभरवर गेली. साहेबांचा फोन आला. शंभर दिसतंय म्हणजे तेल नवं आहे. मी म्हटलं, नाही, जुनंच आहे. मग नवाचा फोटो पाठवा. मी पाठवला. डोळे तपासणारीने काढलेला, ज्यात काहीही दिसत नाही असा फोटो. साहेब म्हणाले, आकडा पुन्हा दहाच्या खाली आला की बघू.

आम्ही काय करणार होतो? शंभराचे पुन्हा नऊ करायचं बटण त्या गाडीला नव्हतं. भाऊ रोज डाग पाडायचे, रोज खिळ्याला अडकवायचे. डाग आता पसरतच नव्हते, कागदाच्या मधे डांबराचे ठिपके पडावेत तसे दिसायचे. दोन महिने गेल्यावर एका शनिवारी ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "मले फक्त हो म्हणा मॅडम. उद्या रविवार हाय. मी माह्या हातानं बदलवतो, कोनाले मालूमही नाई पडन." मी साहेबांना फोन केला, जणू तेच मला धीर देणार होते. ते म्हणाले, जबाबदारी तुमची, लेखी द्या. मी फोन ठेवला आणि भाऊंना म्हटलं, "थांबू या." भाऊ म्हणाले, "थांबू." आणि थांबले.

गाडी बंद पडली तेव्हा आत मोतिबिंदूचं ऑपरेशन झालेली सहा म्हातारी माणसं होती, डोळ्यांवर हिरव्या पट्ट्या बांधलेली. त्यांना घरी सोडायला चाललो होतो. जंगलातला रस्ता, दुपारची वेळ. तेलाचा लाल दिवा लागला, भाऊंनी तत्क्षणी गाडी कडेला घेतली, पण इंजिनातून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला आणि सगळं गप्प झालं. स्क्रीनवर त्या वेळी एकसष्ट टक्के तेल शिल्लक होतं.

भाऊंनी सहाही जणांना एकेक करून उतरवलं आणि मोहाच्या झाडाखाली सावलीत बसवलं. प्रत्येकापुढे वाकून सांगितलं की माझी चुकी झाली, तकलीफ झाली. एका गोंड आजीने विचारलं, गाडी म्हातारी झाली का बाबू? "नाई बाई," भाऊ म्हणाले, "नवीच हाय." मग ते बॉनेटपाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून बराच वेळ उभे राहिले. दुसरी गाडी येईपर्यंत मी त्यांच्याजवळ गेले नाही. जायची हिंमत झाली नाही.

चौकशी नागपूरला झाली. तंत्रज्ञाने गाडीला लॅपटॉप जोडून सांगितलं, आकडा आपोआप शंभर होत नाही; कुणीतरी बटण दाबून, विचारल्यावर हो म्हणून केला आहे. साहेबांनी मला विचारलं, तुमच्यासमोर झालं का हे? भाऊ माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसले होते. मी म्हटलं, मी पेशंट तपासत होते. मग भाऊ म्हणाले, "साहेब, गाडी माह्या ताब्यात होती. जिम्मेदारी माही."

आठवड्याभराने त्यांना कामावरून कमी केल्याचं पत्र आलं. पत्र इंग्रजीत होतं, म्हणून ते माझ्याकडेच वाचून घ्यायला आले. मी वाचलं आणि मराठीत सांगितलं. त्यात 'निष्काळजी चालक' असे शब्द होते. ते गाळावेत असं वाटलं, पण तेवढं धाडसही झालं नाही. भाऊंनी 'निष्काळजी' हा शब्द दोनदा म्हणून पाहिला. नंतर खिळ्यावरचे कागद काढून नीट घडी करून माझ्या टेबलावर ठेवले, यंत्रापुढे करंगळी वर करून शेवटची हजेरी लावली आणि सायकलवरून गावाकडे गेले. त्या दिवशी कुणी हसलं नाही. माझी नोकरी त्याच महिन्यात कायम झाली.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. आता दुसरी गाडी आहे, दुसरे ड्रायव्हर आहेत, स्क्रीन तशीच आहे. गेल्या महिन्यात आमचं शिबिर भाऊंच्या गावी होतं. मी रांगेतला पुढचा केसपेपर उचलला, नाव वाचलं आणि समोर भाऊ खुर्चीवर येऊन बसले. केस पांढरे झालेले, अंगठा स्वच्छ. मी त्यांचा डावा डोळा झाकला, उजव्याने अक्षरं वाचायला लावली, मग उजवा झाकला. बाहेरची रांग लांब होती. तरी मी बोलले, "भाऊ, ते बटण मी दाबलं होतं."

"मालूम हाय," ते म्हणाले, "तुमचं बोट तिथंच होतं."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

उजवा डोळा अजून झाकलेलाच होता. दुसऱ्याने माझ्याकडे पाहत ते म्हणाले, "तुमी बोलसान म्हून वाट पाह्यली."

मला रडू आलं. त्यांनी माझ्या हातातून आपला केसपेपर घेतला, बाहेर गाडीपाशी गेले आणि ड्रायव्हरला बॉनेट उघडायला सांगितलं. बाहेरच्याला हात लावू द्यायचा नाही हे त्या ड्रायव्हरलाही पाठ होतं. पण भाऊंकडे पाहून तो बाजूला झाला. भाऊंनी गेज ओढलं, एक थेंब अंगठ्यावर घेतला, एक केसपेपरच्या मागे टाकला आणि तो कागद मला आणून दिला. सकाळपर्यंत थांबायची गरज नव्हती. थेंब पडल्या जागीच बसून राहिला होता. "बदलवा," ते म्हणाले. मी स्क्रीन पाहिली. शेहेचाळीस.

त्या संध्याकाळी मी नागपूरला पत्र लिहिलं. पहिल्याच ओळीत लिहिलं की बटण मी दाबलं होतं, भाऊंनी नाही, आणि त्यांच्या नावापुढचा 'निष्काळजी' हा शब्द काढून माझ्या नावापुढे लावावा. खाली लिहिलं की सध्याच्या गाडीचं तेल ताबडतोब बदलायला हवं, आणि सोबत डागाचा कागद जोडला. परवा उत्तर आलं. पत्राची नोंद घेतली आहे. जुनं प्रकरण बंद झालं असल्याने त्यात बदल करता येणार नाही. तेलाबाबत स्क्रीनचा फोटो पाठवावा.

मी फोटो पाठवला. या वेळी तो छान आलाय, आकडा अगदी स्पष्ट दिसतो: एकेचाळीस. गाडी उद्या कोरचीला जाणार आहे.